गाडी कोणाला लागते?

‘गाडी लागली’ याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक, गाडी स्टँडवर येऊन उभी राहिली, आता चढा. दुसरा, गाडीत बसल्यामुळे पोटात ढवळायला लागलं, आता उतरा. मी सगळं आयुष्य मराठी शिकवण्यात घालवलं, पण हे दोन्ही अर्थ एका दमात वापरणारी व्यक्ती मला एकच भेटली. कासाच्या नाक्यावर देवजीची जीप येऊन थांबली की तांडेल बाई छत्री वर करायच्या आणि म्हणायच्या, “गाडी लागली. आता गाडी कोणाला लागते त्यांनी हात वर करा.”

नवखा माणूस हे ऐकून आधी जीपकडे बघायचा, मग बाईंकडे, आणि मग काही न कळून हात वर करायचा. तिथेच तो फसायचा, पण ते पुढे सांगतो.

तांडेल बाई आमच्या शाळेत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायला २०१४ साली आल्या. शाळा कासाच्या पुढे डोंगरात होती, रस्ता संपतो त्याच्या थोडी अलीकडे. बाई डहाणूजवळच्या आगर गावच्या, कोळीवाड्यातल्या. मी डहाणू रोडचा. दोघंही सकाळी एसटीने कासापर्यंत यायचो आणि तिथून वर जायला देवजीची जीप. ती चुकली तर पायी जायचं किंवा रजा टाकायची. बाई ठेंगण्या, रुंद, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतल्या माणसाने वळून बघावं. बोलताना त्या हातांपेक्षा छत्रीच जास्त वापरायच्या. पावसात मात्र छत्री उघडलेली मी फारशी पाहिली नाही, कारण तेव्हा ती कुणाला तरी जागा दाखवत असायची. त्यांचा आवडता शब्द ‘सरका’. वर्गात सरका, स्टाफरूममध्ये सरका, जीपमध्ये तर सरकाच सरका. मला त्या “सर, सरका” म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. पहिल्या वर्षी मीही हसत असे.

या बाईंना आयुष्याकडून फार काही नको होतं. रोज जाता-येता जीपमधली एक खिडकी हवी होती. ती त्यांना पाच वर्षांत एकदाही मिळाली नाही, आणि ती न मिळण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

आधी जीप समजून घ्यायला हवी. ती लांब होती, पण देवजीला वाटायची तितकी लांब नव्हती. पुढे देवजी, त्याच्या डावीकडे दोघे, आणि उजवीकडे, म्हणजे देवजी आणि दार यांच्या मधल्या फटीत, आणखी एक. मधल्या सीटवर चौघे मावतात असं देवजी सांगायचा आणि पाचवा बसवायचा. मागे समोरासमोर दोन बाकडी. त्यांच्यामध्ये स्टेपनी, डिझेलचा डबा, कुणाचं तरी दळण आणि कुणाची तरी कोंबडी. उरलेले मागे लटकायचे. या सगळ्यात खिडकी म्हणावी अशा जागा तीन. पुढची डावीकडची एक आणि मधल्या सीटची दोन टोकं. मागच्या बाजूंची ताडपत्री देवजी धुळीसाठी म्हणून खाली बांधून ठेवायचा, आणि धूळ नेमकी तिथूनच आत यायची. रस्ता वळणावळणांचा. जिथे तो सरळ होता तिथे खड्डे होते, म्हणून देवजी तिथेही वळणं घ्यायचा. शाळा येईपर्यंत अर्धी जीप हिरवी पडलेली असायची.

बाई येण्यापूर्वी खिडक्यांचं वाटप देवजीकडे होतं आणि त्याची पद्धत सोपी होती. जो त्याला चहा पाजेल त्याला खिडकी. सुरुवातीला एक कटिंग पुरायचं. मग कुणीतरी चहाबरोबर भजी देऊ केली, दुसऱ्याने वडापाव चढवला, आणि बघता बघता खिडकीचा भाव मिसळीवर जाऊन पोचला. देवजी खूश होता, पण त्याचं पोट खूश नव्हतं. जीप वाटेत जागोजागी थांबायला लागली आणि देवजी झुडपामागे इतका रेंगाळायला लागला की शाळेची प्रार्थना आमच्या कानावर पडेनाशी झाली. मिसळ पाजणारे खिडकीत बसून डोंगर बघायचे आणि ज्यांना खरोखर गाडी लागायची ते मध्ये कोंबलेले असायचे. बाईंनी पहिले काही दिवस हे नुसतं पाहिलं.

मग एके दिवशी मुख्याध्यापकांची बॅग भरली. झालं असं की पाड्यावरची जानकी कासाच्या दवाखान्यातली रात्रपाळी करून परत चालली होती. स्वभावाने लाजाळू, मधल्या सीटच्या मधोमध बसवलेली. तिला कसंतरी होतंय हे तिने कुणाला सांगितलं नाही. शेजारी मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा काढायला बॅग उघडली आणि त्याच क्षणी जानकीचा निरुपाय झाला. काम इतकं नेटकं झालं की बाहेर एक थेंब सांडला नाही. मुख्याध्यापक बराच वेळ बॅगेत बघत राहिले. आत सहामाहीच्या प्रश्नपत्रिका होत्या. जानकी रडायला लागली, आणि बाई ताडकन उठल्या. जीपच्या टपाला डोकं आपटलं तरी बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्यांनी जाहीर केलं की गरज वेगळी आणि हौस वेगळी. इथून पुढे ज्याला गाडी लागते त्याला खिडकी. देवजीने माझ्या चहाचं काय म्हणून विचारलं. बाईंनी त्याला तुझ्या पोटाचं काय म्हणून विचारलं. देवजीने थोडा विचार केला, पोटावरून हात फिरवला आणि कबूल झाला.

नियम चांगला होता. फक्त त्या दिवशी अख्ख्या जीपला गाडी लागली. अजून इंजिनही सुरू झालं नव्हतं. मागे लटकून जाणारा, ज्याच्या चारही बाजूंना मोकळी हवा होती, त्यानेसुद्धा हात वर केला. सगळ्यांत उंच हात लहानू काकांचा होता. लहानू काका वरच्या पाड्यातले शेतकरी. पहाटेच्या फेरीला भाजीच्या जुड्या घेऊन खाली यायचे, विकायचे आणि आमच्याबरोबर वर जायचे. काटक, उंच, आणि त्यांचं पोट असं की दगडही पचावा. त्यांना खिडकी हवी असायची ती लोकांना दिसण्यासाठी. आपण कासाहून आलो हे वाटेतल्या प्रत्येक शेताला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतातला माणूस ओळखीचा असो वा नसो, काका खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या भाताबद्दल मत द्यायचे.

“बाय, मना जाम गाडी लागं,” ते म्हणाले आणि चेहरा पाडून दाखवला.

बाईंनी शबनममधून स्टीलचा डबा काढला. त्यात घरचे सुके बोंबील होते, आगरच्या वाळूवर वाळवलेले. शाळेत कुणाकुणाला द्यायला त्या नेहमी आणायच्या. झाकण उघडून त्यांनी डबा एकेकाच्या नाकाखाली धरायला सुरुवात केली. ज्याला खरोखर गाडी लागते तो रिकाम्या पोटी, डिझेलच्या वासात उभा असताना सुक्या बोंबलाचा वास आला की मान फिरवणारच, हा बाईंचा सिद्धान्त. जानकीने मान फिरवली आणि दोन पावलं मागे गेली. ती पास झाली. रात्रपाळी करून आलेल्या एका पोरसवदा कामगाराने तोंडावर रुमाल दाबला. तोही पास झाला. लहानू काकांनी डब्यात नाक घालून खोल श्वास घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वेगळ्या जागेहून आलं होतं.

“दोन दे नी, बाय,” ते म्हणाले. “भाकरीसंगे बेस लागंल.”

त्यांना दोन बोंबील मिळाले. जागा मिळाली मागे, कोंबडीजवळ.

पण काका हार मानणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते तयारी करून आले. डबा नाकाशी येताच त्यांनी पोटातून असा काही आवाज काढला, डोळे असे फिरवले आणि गळ्याच्या शिरा अशा ताणल्या की ते पाहून शेजारच्या दोघांना खरोखर उलटी झाली. त्या दोघांना आजवर कधीच गाडी लागली नव्हती. बाई पेचात पडल्या. शेवटी त्यांनी खिडक्या त्या दोघांना दिल्या, कारण पुरावा त्यांच्याकडे होता. काका दिवसभर कुरकुरत राहिले की मेहनत आपली आणि पीक दुसऱ्याचं.

हळूहळू नियम बसला. लोक भांडायचे, पण बाईंचा शब्द मानायचे. त्याचं एक कारण असं की वाटप झाल्यावर बाई स्वतः कुठे बसतात ते सगळ्यांना दिसायचं. त्या मागच्या बाकड्याच्या अगदी आतल्या टोकाला बसायच्या. पायांशी स्टेपनी, बाजूला डिझेलचा डबा, डोक्यामागे ताडपत्री. तोंड आडवं, म्हणजे जीप एकीकडे चाललेली आणि बाई दुसरीकडे बघत असलेल्या. जीपमधली ती सगळ्यांत वाईट जागा. मी त्यांच्या समोर बसायचो. आमचे गुडघे एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये दळणाची पिशवी ठेवायचो.

आणि मला समोरून जे दिसायचं ते असं की तांडेल बाईंना गाडी लागायची. साधी नाही, भयंकर. पहिलं वळण आलं की त्या डोळे मिटायच्या. दुसऱ्या वळणाला लिंबू नाकाशी धरायच्या. तिसऱ्याला ओठ हलायला लागायचे. मला आधी वाटलं देवाचं नाव घेत असाव्यात. मान पुढे करून ऐकलं तर त्या पुटपुटत होत्या, “मानवी गरजा अमर्याद असतात. साधने मर्यादित असतात. साधनांना पर्यायी उपयोग असतात.” वळण लांबलं की पुन्हा पहिल्यापासून. लिंबानेही भागलं नाही तर त्या बोंबलाचा डबा किंचित उघडून हुंगायच्या. बाकीच्यांची मान ज्याने फिरायची त्याने बाईंचा चेहरा निवळायचा. लहानपणापासून त्याच वासात झोपलेल्या त्या. शाळेच्या फाटकाशी उतरल्या की कुणाशी न बोलता तरातरा पाण्याच्या टाकीमागे जायच्या आणि थोड्या वेळाने तोंड पुसत येऊन मस्टरवर सही करायच्या. मी तोवर टाकीकडे जाणाऱ्यांना काहीतरी विचारत उभा राहायचो. हे फक्त मला माहीत आहे याचा मला थोडा तोराच होता.

शेवटी एकदा न राहवून मी विचारलं की बाई, तुमच्या नियमाने पहिली खिडकी तुमची, मग तुम्ही हात वर का करत नाही. त्या टाकीला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढरा. आधी त्यांनी मला हे कुठे बोलायचं नाही असं बजावलं. त्यांचे वडील मचव्याचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, खलाशांचे म्होरके. बाई स्वतः ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बोटीत बसून डबा खाल्लेल्या. बोट त्यांना कधी लागली नाही. तांडेलाच्या मुलीला जीप लागते हे आगरमध्ये कळलं तर लग्नसमारंभात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. पण खरं कारण ते नव्हतं.

“सर, आमच्याकडे मासळी आली की वाळूवर वाटे घालतात,” त्या म्हणाल्या. “सारखे ढीग. ज्याने वाटे घातले त्याने शेवटी उचलायचं. मग तो ढीग सारखेच घालतो. माझे बाबा आयुष्यभर शेवटचा ढीग उचलून घरी आले. मी वाटे घालते आणि पहिली खिडकी उचलते, हे कसं दिसेल?”

मी म्हटलं, पण तुम्हाला खरोखर लागते. त्या म्हणाल्या की लहानू काकांनाही खरोखर लागते, त्यांनाच विचारा. त्या दिवशी मला बाईंचा फार अभिमान वाटला. त्यांची दयाही आली, आणि हसूही आलं.

वर्गातही त्यांचं असंच चालायचं. एक पेरू आणायच्या आणि बाकावरच्या पोरांना वाटून घ्यायला सांगायच्या. जो कापेल तो शेवटी घेईल. पोरं फुटपट्टी लावून पेरू कापायची. परीक्षेत ‘टंचाई म्हणजे काय’ या प्रश्नाला एका मुलीने ‘टंचाई म्हणजे देवजीची जीप’ एवढंच उत्तर लिहिलं होतं. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले आणि पेपर स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. मी म्हटलं की भाषेच्या दृष्टीने वाक्य थोडं मोठं हवं होतं. बाईंनी मला सरकायला सांगितलं.

मग गावाला नवे ग्रामसेवक आले. तरुण, पांढऱ्या शर्टातले, आणि अंगावर सेंट इतकं की नाक्यावर आधी सेंट यायचं आणि नंतर साहेब. त्यांनी हात वर करणं, डबा हुंगणं हा प्रकार दोनदा पाहिला आणि हे मागासलेपणाचं लक्षण आहे असं सांगितलं. सिस्टिम पाहिजे म्हणाले. जो आधी येईल तो आधी बसेल, रांग लावा. चालू द्या, एवढंच बाई म्हणाल्या आणि छत्री काखेत मारून बाजूला उभ्या राहिल्या.

रांग लागली. पण कासाच्या नाक्यावर उन्हात कोण उभं राहणार, म्हणून माणसांऐवजी वस्तू उभ्या राहिल्या. चप्पल, दगड, कोयता, कुणाचं सूप, कुणाची पाण्याची बाटली. माणसं चहाच्या टपरीत. एका बाईने पाय बांधलेली कोंबडी ठेवली. ती फडफडत फडफडत दोन दगड आणि एक चप्पल ओलांडून पुढे गेली. आता कोंबडीने गाठलेली जागा कोंबडीवालीची की नाही, यावर जी चर्चा झाली तिच्यात जीप भरून निघूनही गेली असती, पण देवजीही चर्चेत होता. ग्रामसेवकांनी निकाल दिला की हलणारी वस्तू धरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक चप्पल दुसऱ्याने हलवू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवायला लागले. मग दगड कुणाचा आणि चप्पल कुणाची, हा नवा वाद सुरू झाला.

या सिस्टिममध्ये लहानू काकांचे दिवस फिरले. ते पहाटेच खाली आलेले असायचे. भाजी विकायला बसण्याआधी भाजीच्या तीन रिकाम्या टोपल्या रांगेत पुढे मांडायचे, म्हणजे तिन्ही खिडक्या त्यांच्या. एकीत स्वतः बसायचे आणि उरलेल्या दोन विड्यांच्या बंडलावर सोडायचे. देवजी हे पाहून उसासे टाकायचा. मिसळीचे दिवस त्याला आठवत असणार. जानकी पुन्हा मध्ये कोंबली गेली. खिडकीतून काका सगळ्या तालुक्याच्या भाताला मतं देत चालले होते.

असं काही आठवडे चाललं. मग एक दिवस ग्रामसेवकांनाच उशीर झाला. सिस्टिम त्यांचीच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. ते मागे आले आणि बाईंच्या शेजारी बसले. त्यांच्या पलीकडे, दाराच्या बाजूला, जानकी. ताडपत्री खाली, डिझेलचा डबा बाजूला, आणि वरून ते सेंट. मी समोर होतो. बाईंचे ओठ पहिल्या वळणाआधीच हलायला लागले. ‘गरजा अमर्याद’ झालं, ‘साधने मर्यादित’ झालं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही. ग्रामसेवकांनी घाम पुसायला रुमाल झटकला. तो सेंटात बुडवून वाळवलेला असावा. बाईंनी एकदम मोठ्याने हाक दिली, “देवजी, थांब.”

जीप थांबली. बाई आमच्या गुडघ्यांवरून, दळणावरून, कोंबडीवरून उतरल्या आणि सगळ्यांना सांगितलं की इथून डोंगराचा देखावा चांगला दिसतो, मुलांना दाखवायला कधी तरी आणलं पाहिजे, मी जरा पाहणी करून येते. आणि सागाच्या झाडांमागे गेल्या. सगळी जीप अदबीने देखाव्याकडे बघत बसली. तिथे देखावा म्हणजे एक विजेचा खांब होता. बाई पाहणी करून तोंड पुसत परत आल्या आणि म्हणाल्या की छान आहे. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, असं मी समजत होतो.

पुढच्याच वळणावर जानकीचा निरुपाय झाला. या वेळी बॅग नव्हती, ग्रामसेवकांचा पांढरा शर्ट होता. दुसऱ्या दिवशी साहेब बिनसेंटाचे, चौकडीच्या शर्टात आले, बाईंसमोर उभे राहिले आणि अजिजीने म्हणाले की बाई, तुम्ही ते हात वर करा म्हणता ना, ते म्हणा. बाईंनी छत्री वर केली. लहानू काकांनी टोपल्या उचलल्या आणि हात वर केला. डबा उघडला गेला. काकांना दोन बोंबील मिळाले.

चौकडीचा शर्ट टिकला, पण सेंट सोडणं काही साहेबांना जमलं नाही. काही दिवसांत ते परत आलं, फक्त रुमालापुरतं. बाईंनी मग त्यांना कायम पुढे, देवजी आणि दाराच्या फटीत बसवायला सुरुवात केली.

२०१९ च्या उन्हाळ्याआधी बाईंची बदली तलासरीला झाली. तलासरी हायवेवर. सरळसोट रस्ता, दर थोड्या वेळाने बस, आणि बसमध्ये जागा. मी म्हटलं, सुटलात बाई. त्या मात्र हिरमुसल्या होत्या. जिथे सगळ्यांना जागा मिळते तिथे मी करू काय, असं म्हणाल्या. हे त्या गमतीत म्हणाल्या नव्हत्या.

शेवटच्या दिवशी शाळेत शाल-नारळ झालं. मुलांनी पेरूंची टोपली दिली. संध्याकाळी फाटकाशी देवजीची जीप लागली, कासाला उतरणारी. रोज त्या फेरीला गर्दी बेताची असे. त्या दिवशी सगळा पाडा आला होता. जानकी मुलाला कडेवर घेऊन आलेली, ग्रामसेवक होते, आणि संध्याकाळी खाली जायचं काही कारण नसलेले लहानू काकाही होते. बाईंनी नेहमीप्रमाणे छत्री वर केली. “गाडी लागली,” एवढं म्हणाल्या, आणि काकांनी पुढे होऊन त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली.

“आज वाटे मी घालनार,” काका म्हणाले. “पयली खिडकी बायला. बायला गाडी लागं.”

बाई चमकल्या. काहीतरीच काय, म्हणाल्या. तांडेलाच्या मुलीला कुठे गाडी लागते का, आणि नियम म्हणजे नियम, तपासणीशिवाय खिडकी कुणाला मिळालेली नाही. काकांनी मान डोलावली. नियम त्यांना मान्य होता. त्यांनी बाईंचाच डबा उघडून बाईंच्या नाकाखाली धरला. बाईंचा चेहरा खुलला. गालावर रंग आला. त्यांनी नकळत आवंढासुद्धा गिळला. बाई स्वतःच्या परीक्षेत नापास झाल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विजय आणि दुःख दोन्ही एकदम दिसत होतं. त्या मुकाट्याने मागच्या बाकड्याकडे निघाल्या.

काका डोकं खाजवत उभे राहिले. मग त्यांनी छत्रीचं टोक ग्रामसेवकांच्या खिशावर टेकवलं.

“सायब, रुमाल.”

रुमाल बाईंच्या नाकाशी गेला मात्र, बाईंचा चेहरा कच्च्या चिकूसारखा झाला. मान फिरली, तीही अशी की सगळ्या जीपने पाहिली. “लागली, लागली,” असा गलका झाला. जानकी टाळ्या वाजवत होती. बाईंना पुढच्या डावीकडच्या खिडकीत बसवण्यात आलं, मांडीवर पेरूंची टोपली दिली. त्या एकदाही सरका म्हणाल्या नाहीत. त्या डोळे पुसत होत्या.

मी काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं की तुम्हाला कधी कळलं. मला वाटत होतं की हे गुपित पाच वर्षं मी एकट्याने सांभाळलंय.

“सगल्यांना ठाव हाय,” काका म्हणाले. “पयल्या सालापासून. तो विजेचा खांब दावला तवा तं पक्काच.”

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. काकांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. “बोललो असतो तं एक खिडकी गेली असती नी, सर.”

त्यांनी बाकीचं वाटप केलं. दुसरी खिडकी जानकीला, तिसरी एका म्हातारीला, ग्रामसेवक फटीत. सगळे बसले, मागे लटकणारे लटकले. मग सगळ्यांत शेवटी काका स्वतः चढले आणि दळणावरून, कोंबडीवरून वाट काढत मागच्या बाकड्याच्या अगदी आतल्या टोकाला, स्टेपनीपाशी, ताडपत्रीला टेकून बसले. तिथून त्यांना एकही शेत दिसणार नव्हतं आणि एकाही शेताला ते दिसणार नव्हते. मी चढायला पाय उचलला, तर आतून छत्रीचं टोक बाहेर आलं.

“सर, तुम्ही सरा. भरली.”

मी रस्त्यावरच राहिलो. नंतर शाळेच्या शिपायाच्या मोटरसायकलवरून खाली गेलो. त्यामुळे बाईंचं शेवटचं दर्शन मला बाहेरून झालं, आणि ते बरंच झालं. जीप हलली, पहिल्या वळणाकडे वळली, आणि खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं. पाच वर्षं टाकीपर्यंत धरून ठेवलेलं सगळं त्यांनी त्या वळणावर, भर उजेडात, अख्ख्या जीपच्या देखत मोकळं केलं. जीपमध्ये कुणी हसलं नाही. मग त्यांनी तोंड पुसलं, मला पाहिलं आणि हात हलवला. मीही हात वर करून जोरजोरात हलवायला लागलो आणि जीपमागे चार पावलं धावलो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात निरोपाचा नव्हता. त्या तळवा बाहेर करून मला मागे ढकलत होत्या, कारण त्यांना पुन्हा येत होतं. वाऱ्यावरून तो किनाऱ्यावरचा आवाज आला, “सर, सरका.”

मी सरकलो.